ई-व्यवसाय कसा वाढला आणि कारखान्याला त्याचा उपयोग काय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची वेबसाइट आहे, इंडियामार्टवर नाव आहे. म्हणजे आमचा ई-व्यवसाय सुरू झालाच ना?

नाही, ती जाहिरात झाली. इंटरनेटवर माल विकणं म्हणजे ई-कॉमर्स, आणि तो ई-व्यवसायाचा एक तुकडा. ई-व्यवसायात ऑर्डर, माल पाठवल्याचं चलन, बिल, पेमेंट, साठा आणि वाहतूक यांच्या नोंदी एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जातात आणि मधे कोणी त्या पुन्हा टाइप करत नाही. गेल्या महिन्यातलं कुठलंही एक बिल घ्या. त्यावरचा पार्ट नंबर ग्राहकाच्या पीओपासून, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरपासून, तुमच्या वसुलीच्या नोंदीपर्यंत किती वेळा हाताने लिहिला गेला ते मोजा. चार-पाच वेळा लिहिला गेला असेल, तर वेबसाइट कितीही देखणी असो, व्यवसाय अजून कागदावरच चालतोय.

हे सगळं इंटरनेटमुळे सुरू झालं का?

इंटरनेट बरंच नंतर आलं. १९४८-४९ मध्ये बर्लिनची कोंडी झाली तेव्हा विमानांनी अन्नधान्य आणि कोळसा पोहोचवला गेला. प्रत्येक विमानातल्या मालाची यादी वेगळ्या नमुन्यात आणि वेगळ्या भाषेत यायची. अमेरिकी सैन्यातले एडवर्ड गिल्बर्ट यांनी सगळ्यांसाठी यादीचा एकच नमुना ठरवला, तो टेलेक्सने किंवा फोनवरूनही पाठवता येई. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे, ट्रक, जहाज आणि विमान वाहतूकदारांनी एकत्र येऊन असे नमुने ठरवण्यासाठी समिती नेमली. याच कामाला ईडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, हे नाव मिळालं. १९७९ मध्ये अमेरिकेत एक्स१२ या ईडीआय मानकाचं काम सुरू झालं. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या एडिफॅक्टला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

दरम्यान अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांची सेबर ही तिकीट आरक्षणाची यंत्रणा साठच्या दशकातच चालू झाली होती. फ्रान्समध्ये ऐंशीच्या दशकात मिनिटेल या फोनलाइनला जोडलेल्या पडद्यावरून लोक घरबसल्या गाडीचं तिकीट काढत होते. अडचण खर्चाची होती. ईडीआयचे संदेश खासगी नेटवर्कवरून जात आणि तिथे अक्षरांच्या संख्येवर पैसे लागत. मोठी मोटार कंपनी ते भरू शके. तिला नट-बोल्ट पुरवणाऱ्याच्या आवाक्यात ते नव्हतं.

मग इंटरनेटने नेमकं काय बदललं?

निरोप पाठवणं जवळजवळ फुकट झालं. नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सरकारी नेटवर्कवरची व्यापारी वापराची बंदी उठली. त्यानंतर नेटस्केपने ब्राउझरमधली माहिती कुलूपबंद करून पाठवण्याची सोय केली. १९९५ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि ईबे सुरू झाले, आणि १९९७ मध्ये आयबीएमने जाहिरातींतून ‘ई-बिझनेस’ हा शब्द घरोघरी नेला. कारखान्यांच्या दृष्टीने मोठी घटना मात्र २००२ ची आहे. त्या वर्षी वॉलमार्टने पुरवठादारांना सांगितलं की ईडीआय आता इंटरनेटवरून, एएस२ या पद्धतीने पाठवा. खासगी नेटवर्कचं भाडं वाचलं आणि लहान पुरवठादारही त्यात आले.

कोव्हिसिंटचं उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावं. २००० मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायस्लर यांनी मिळून सुट्या भागांचा एक ऑनलाइन बाजार काढला. पुरवठादारांना त्यात एकच गोष्ट दिसली, रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे कमीत कमी दर कोण देतो याची बोली, भाव खाली खेचण्याचं यंत्र. ते मनापासून आले नाहीत आणि २००४ मध्ये कोव्हिसिंट विकली गेली. दोन्ही बाजूंचं काम कमी होत असेल तरच अशी व्यवस्था टिकते. एकाचा फायदा दुसऱ्याच्या खिशातून येणार असेल, तर दुसरा पहिल्या संधीला फोनवर परत जातो.

भारतात हे कसं आलं?

आपल्याकडे खासगी कंपन्यांपेक्षा सरकारी आणि वित्तीय यंत्रणांनी जास्त जोर लावला. नोव्हेंबर १९९४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे सौदे पडद्यावर सुरू झाले आणि दलालांचा आरडाओरडा बंद पडू लागला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि डिजिटल सहीला कायद्याचा आधार दिला. २००२ मध्ये रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर मिळू लागलं आणि अनेकांनी आयुष्यातला पहिला ऑनलाइन व्यवहार तिथेच केला.

नंतरचा टप्पा वेगवान आहे. २००४-०५ मध्ये बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याचे आरटीजीएस आणि एनईएफटी हे मार्ग आले. २०१६ मध्ये यूपीआय आणि सरकारी खरेदीचं जेम पोर्टल आलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी, १ एप्रिल २०१८ ला आंतरराज्य ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, आणि १ ऑक्टोबर २०२० ला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. या शेवटच्या तिघांनी जे केलं, ते ईडीआयला तीस वर्षांत जमलं नव्हतं. देशभरातल्या कारखान्यांना बिलाचा एकच नमुना मिळाला. कटकट म्हणून त्याकडे पाहणं स्वाभाविक आहे. पण बिल एकदा यंत्राला वाचता येईल असं तयार झालं की ते ग्राहकालाही त्याच रूपात देता येतं, आणि बहुतेक कारखाने हे करतच नाहीत.

कंपनीला रोख फायदा काय, ते सांगा.

पैसे लवकर येतात. कसे, ते पाहा. मोठा ग्राहक बिल चुकतं करण्याआधी तीन कागद ताडून पाहतो. त्याची पीओ, त्याच्या स्टोअरने माल घेतल्याची पावती, म्हणजे जीआरएन, आणि तुमचं बिल. तिन्हींत पार्ट नंबर, नग आणि दर जुळले तर बिल पुढे सरकतं. एकही जुळला नाही तर ते ‘होल्ड’वर जातं, आणि ते कोणाच्या टेबलावर अडकलंय हे शोधण्यात तुमचा माणूस आठवडा घालवतो. बिल अडकण्याची कारणंही फार क्षुल्लक असतात. पार्ट नंबरच्या शेवटचं रिव्हिजनचं अक्षर ‘बी’ऐवजी ‘ए’ पडलेलं असतं. पीओमध्ये एकक ‘शेकडा’ आणि बिलात ‘नग’ असतं. दर सुधारला पण सुधारित पीओ निघालीच नाही, किंवा दोन पीओंचा माल एकाच बिलावर चढवला. ग्राहकाची ऑर्डर थेट तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरली आणि बिल त्याच नोंदीतून बनलं, तर यांतली पहिली दोन कारणं जवळजवळ संपतात.

दुसरा फायदा साठ्यातला. ग्राहकाचं पुढच्या आठवड्यांचं वेळापत्रक रोज संगणकात येत असेल, तर तयार मालाचा ढीग कमी ठेवता येतो. तिसरा फायदा ग्राहक मिळण्याचा. विक्रेते सगळ्यात जास्त जाहिरात याचीच करतात, पण ठरावीक तीन-चार ग्राहकांना सुटे भाग देणाऱ्या कारखान्याला त्याचा उपयोग मर्यादित असतो.

ग्राहक म्हणतो ईडीआय करा, एएसएन पाठवा. म्हणजे काय करायचं?

आधी विचारा, त्याला कोणते संदेश हवेत. एक्स१२ मध्ये ८५० म्हणजे पीओ, ८५५ म्हणजे पीओची स्वीकृती, ८५६ म्हणजे एएसएन, ८१० म्हणजे बिल आणि ९९७ म्हणजे ‘तुमचा संदेश मिळाला’ अशी पोच. युरोपीय कंपनी असेल तर एडिफॅक्टमधली ऑर्डर्स, डेसॅडव्ह, इन्व्हॉइक ही नावं ऐकू येतील. एएसएन म्हणजे गाडी निघताना पाठवायची आगाऊ सूचना. त्यात कुठल्या पीओचा कुठला पार्ट, किती पेट्या, प्रत्येक पेटीत किती नग आणि गाडी नंबर असतो.

कामाचा क्रम साधारण असा. ग्राहकाकडून संदेशाचा लेखी आराखडा आणि स्वतःचा व्हेंडर कोड घ्या. त्याचे पार्ट नंबर आणि तुमचे पार्ट नंबर यांचा एक तक्ता करा आणि प्रत्येक ओळीत दोन्हीकडचं एकक लिहा. मग चाचणीचे संदेश पाठवा. यात चुकीचे संदेशही मुद्दाम पाठवून ते नाकारले जातात का पाहा. प्रत्यक्ष सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे जुनी पद्धतही समांतर चालवा.

बिघाड कुठे होतो? एएसएन गाडी पोहोचल्यानंतर जाते, कारण ती ऑफिसातला माणूस संध्याकाळी बसून करतो. ती डिस्पॅचच्या टेबलावरच निघायला हवी. शेवटच्या क्षणी एक पेटी खाली उतरवली जाते आणि एएसएनमध्ये जुनाच आकडा राहतो. पेटीवरचं बारकोडचं लेबल एका पेटीचं दुसरीला लागतं. ९९७ ची पोच आली नाही हे कोणी पाहत नाही आणि संदेश गेलाच नव्हता हे चार दिवसांनी कळतं. यांतल्या काही चुकांवर ग्राहक डेबिट नोट काढतो, म्हणजे तुमचे पैसे कापतो, तेव्हा करारातली ती अटही आधीच वाचून ठेवा.

बरेच ग्राहक ईडीआयऐवजी स्वतःचं वेब पोर्टल देतात. दिवसाला दहा-पंधरा ओळी असतील तर ते पुरतं. पण हे ध्यानात घ्या की पोर्टलमुळे ग्राहकाचं टाइपिंग वाचतं आणि ते तुमच्या माणसाच्या गळ्यात पडतं. पोर्टलवर एक्सेल फाइल चढवण्याची आणि उतरवण्याची सोय आहे का हे पहिल्याच बैठकीत विचारा.

ई-इन्व्हॉइस आम्हाला लागू आहे का? आणि त्यात काय चुकतं?

२०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका आर्थिक वर्षात पॅनवरची एकूण उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. यंदा उलाढाल घटली म्हणून सुटका नाही. दोन राज्यांत दोन जीएसटी नंबर असतील तर बेरीज दोन्हींची. कंपनी-कंपनीतली बिलं, निर्यात आणि त्यांच्या क्रेडिट-डेबिट नोटा यात येतात. किरकोळ गिऱ्हाइकाचं बिल येत नाही. बँका, विमा कंपन्या, मालवाहतूक एजन्सी अशा काहींना सूट आहे.

बिल आधी तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं. त्याची ठरावीक नमुन्यातली फाइल पोर्टलवर जाते आणि तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा ओळख नंबर, आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो. तो छापल्याशिवाय बिल कायद्याने बिलच नाही, आणि ग्राहकाचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, अडचणीत येतं. आयआरएन तुमचा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांतून तयार होतो. म्हणून तोच बिल नंबर पुन्हा पाठवला की ‘डुप्लिकेट’ची २१५० नंबरची चूक दिसते.

नेहमीच्या चुका : बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा किंवा शून्याने सुरू होणारा. पिनकोड आणि राज्य न जुळणं. ग्राहकाचा जीएसटी नंबर रद्द झालेला. उलाढाल ५ कोटींच्या वर असूनही एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड, चारच आकडी. पैशांची गोळाबेरीज ओळीत एक आणि खाली दुसरी. रद्द करायचं तर २४ तासांत आणि पूर्ण बिल, अर्धं नाही. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले तर सहसा क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढावी लागते. उलाढाल १० कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर नोंद व्हायलाच हवी. महिनाअखेरीला सगळी बिलं एकदम चढवायची सवय इथेच महागात पडते.

आणखी एक. पोर्टलचा ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नंबर सोडून गेलेल्या अकाउंटंटचा तर नाही ना, हे आजच तपासा. प्रत्येकासाठी वेगळा उप-वापरकर्ता काढता येतो.

ई-वे बिलामुळे गाडी अडली. आमची चूक कुठे झाली असेल?

बहुधा पार्ट ‘बी’ मध्ये. पार्ट ‘ए’ म्हणजे बिलाची माहिती, पार्ट ‘बी’ म्हणजे गाडी नंबर. वाटेत ट्रान्सपोर्टरने माल दुसऱ्या गाडीत भरला आणि नंबर बदलला नाही, हे सर्रास होतं.

दुसरी शक्यता मुदतीची. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. मुदत संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्याच खिडकीत ती वाढवता येते.

तिसरी शक्यता मर्यादेची. आंतरराज्य मर्यादा ५०,००० रुपये, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख. ही किंमत करासह धरतात. ९५,००० च्या मालावर १८ टक्के कर लावला की १,१२,१०० होतात, म्हणजे ई-वे बिल लागतंच. जॉबवर्कसाठी, म्हणजे बाहेरून काम करून घेण्यासाठी, माल दुसऱ्या राज्यात पाठवत असाल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल हवंच. पकडलं गेलं आणि मालक पुढे आला तर करपात्र मालावर कराच्या २०० टक्के दंड बसतो.

बिलाचे पैसे ४५ दिवसांनीही येत नाहीत. ऑनलाइन काही उपाय आहे का?

आहे, ट्रेड्स. बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारे, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे हे ऑनलाइन बाजार आहेत. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट ही त्यांतली जुनी नावं. तुम्ही बिल चढवता, ग्राहक ते मान्य करतो, बँका व्याजदराची बोली लावतात, तुम्ही एक स्वीकारता आणि एक-दोन दिवसांत पैसे खात्यात येतात. व्याजदर ग्राहकाच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही. आणि ग्राहकाने पुढे बँकेला पैसे दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडे येत नाही.

समजा बिल १० लाखांचं आणि मुदत ४५ दिवसांची. ट्रेड्सवर ९ टक्क्यांनी ११,०९६ रुपये जातील. तेच तुमच्या १२ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, १४,७९५. फरक फार मोठा नाही. पण कॅश क्रेडिटची मर्यादा मोकळी राहते, आणि हंगामात तीच जास्त मोलाची असते.

अडचण ‘ग्राहक मान्य करतो’ या पायरीची. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, तुमचं बिल स्वीकारण्याची नाही. म्हणून दर ठरवतानाच ‘बिलं ट्रेड्सवर स्वीकारू’ ही अट पीओमध्ये लिहून घ्या. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, तर हवीच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दावा टाकता येतो. निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असूनही या तरतुदीचा फायदा मिळत नाही.

अ‍ॅमेझॉनसारख्या मार्केटप्लेसवर माल विकावा का?

आधी एका नगाचा हिशेब करा. समजा विक्री किंमत करासह १,००० रुपये आणि जीएसटी १८ टक्के. कर वजा जाता ८४७.४६ उरतात. उदाहरणादाखल कमिशन १५० आणि कुरिअर ७० धरू. त्यावरचा जीएसटी क्रेडिटमध्ये परत मिळतो. हातात ६२७.४६ राहिले. दहातला एक नग परत आला आणि त्यावर जाण्या-येण्याचं भाडं व पॅकिंग मिळून १६० गेले, तर विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे ६१० च्या आसपास पडतात. कच्चा माल, मजुरी आणि नफा यातून निघतो का ते पाहा. कपडे आणि चपलांमध्ये परतीचं प्रमाण जास्त असतं, सुट्या भागांत आणि किराण्यात कमी.

मार्केटप्लेस जीएसटीपोटी ०.५ टक्का टीसीएस आणि आयकरापोटी ०.१ टक्का कापून घेतो. हे पैसे तुमचेच आहेत, पण टीसीएस, म्हणजे विक्रीतून कापलेला कर, जीएसटी पोर्टलवर स्वीकारावा लागतो, तेव्हाच तो तिथल्या तुमच्या कॅश लेजरमध्ये येतो. ते न केल्याने अनेकांची रक्कम वर्षानुवर्षं पडून असते.

पुरवठादाराचा ईमेल आला की आमचं बँक खातं बदललं आहे. पैसे पाठवू का?

त्या ईमेलला उत्तर देऊन खात्री करू नका. उत्तर भामट्यालाच जाईल. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर, ओळखीच्या माणसाशी बोला. खऱ्या ईमेलचा धागा चोरून, तेच बिल, तोच लोगो वापरून फक्त खातं बदललेलं असतं. पत्त्यातलं एखादं अक्षर हललेलं असतं. आरटीजीएस, एनईएफटी करताना आता खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचूनच पुढे जा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते.

सुरुवात कुठून करायची? ईआरपी घ्यायचं का?

ईआरपी, म्हणजे सगळे विभाग जोडणारं मोठं सॉफ्टवेअर, शेवटी. आधी मास्टर साफ करा, म्हणजे मालाची आणि ग्राहक-पुरवठादारांची यादी. एकाच बेअरिंगची तीन स्पेलिंगं, एकाच ग्राहकाची दोन लेजरं, रिकामे एचएसएन, जुने पिनकोड. हे कंटाळवाणं काम आहे आणि कोणताही सल्लागार ते तुमच्यासाठी नीट करणार नाही, कारण कुठला पार्ट कुठला ते तुमच्या स्टोअरकीपरलाच माहीत असतं. मास्टर घाण असताना घेतलेलं महाग सॉफ्टवेअर तीच घाण जास्त वेगाने पसरवतं.

मग सर्वाधिक बिलं असलेला एकच ग्राहक निवडा आणि त्याची ऑर्डर ते पेमेंट ही साखळी जोडा. टॅली किंवा तत्सम सॉफ्टवेअरमधून ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल थेट निघू द्या. बँकेचं स्टेटमेंट फाइलने उतरवून वसुली जुळवा. ते दोन-तीन महिने सुरळीत चाललं की दुसरा ग्राहक घ्या.

ईमेलवरची ऑर्डर आणि डिजिटल सही कोर्टात टिकते का?

टिकते. करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो अमान्य ठरत नाही. मृत्युपत्रासारखे मोजके कागद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या बाहेर आहेत. व्यवहारात अडतं ते टोकनमुळे, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र ज्यात असतं त्या यूएसबीमुळे. प्रमाणपत्राची मुदत निविदेच्या शेवटच्या दिवशी संपलेली असते. संपण्याच्या महिनाभर आधीच नूतनीकरण करा, आणि टोकन मालकाच्या नावाचं असेल तर ते पासवर्डची चिठ्ठी चिकटवून अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

ही सगळी नोंद किती वर्षं सांभाळायची?

जीएसटीसाठी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. पीडीएफबरोबर सही केलेली मूळ फाइलही ठेवा. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद चालू ठेवावी लागते आणि ती बंद करता येत नाही. बॅकअप रोज घ्या. त्याची एक प्रत नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कवर असू द्या, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो. आणि दर तिमाहीला त्या प्रतीतून एखादं जुनं बिल प्रत्यक्ष उघडून पाहा.